मदत हवी आहे : दरडीआधीचा आणि नंतरचा लायडार जुळत नाही

नमस्कार मंडळी. नागपुरात बसून सह्याद्रीतल्या दरडींवर प्रबंध लिहितोय (इथे सेमिनरी हिल्स सोडली तर चढ कुठला!). चिखल-दगडांचा लोंढा येण्याआधीचा आणि नंतरचा, असे विमानातून केलेले दोन लायडार (लेझरने जमिनीची उंची मोजणारे) सर्व्हे आहेत. नंतरच्या उंचीतून आधीची वजा केली, तर जागचा न हललेला कातळही सरसकट ३० सेंमी वर आलेला दिसतो. जिऑइडचा घोळ, म्हणजे एका सर्व्हेत समुद्रसपाटीपासूनची उंची आणि दुसऱ्यात जीपीएसच्या गणिती लंबगोलापासूनची, असं असतं तर फरक पन्नास मीटरपेक्षाही जास्त आला असता.

आधी कातळ आणि डांबरी रस्ता धरून आयसीपीने (दोन्ही सर्व्हेंतले जवळात जवळचे बिंदू पुन्हा पुन्हा जुळवत एक सर्व्हे दुसऱ्यावर बसवायची पद्धत) जुळवू का? शिवाय प्रत्येक सर्व्हेची प्रमाण चूक १५ सेंमी धरली, तर दोन्हींची मिळून २१ होते आणि ९५ टक्के खात्रीसाठी त्याच्या १.९६ पट, म्हणजे ४२ सेंमीखालचे बदल सोडावे लागतात. पायथ्याचा गाळ बराचसा तेवढाच जाड आहे, मग घनफळ काढायचं कसं? कोणी केलंय का हे?