नाताळात रेवदंडा-कोर्लई: एका दिवसात होईल का?

१८ डिसेंबर २०२३
सर्व मंडळींना नमस्कार.

सुट्टीवर आलोय, मुक्काम अलिबागला सासुरवाडीत. सोमवारी, २५ला, रेवदंडा, कोर्लई, मुरुड आणि जंजिरा असं एका दिवसात करायचा बेत आहे. बरोबर सासूबाई (गुडघे जेमतेम) आणि दोन मुलं. थोरली शाळेत स्पॅनिश शिकते, धाकट्याला फक्त तोफा बघायच्यात. तिकडचं कुणी असेल तर सांगा.
– अलिबागचा जावई

१८ डिसेंबर, रात्री
जावईबापू,

जंजिरा कापा. नाताळात राजपुरीच्या जेट्टीवर होडीच्या रांगेतच अर्धा दिवस जाईल, मुलं कावतील आणि सासूबाई आयुष्यभर ऐकवतील. मुरुडही नको. कुंडलिकेच्या मुखाशी दोन काठांवर दोन किल्ले आहेत, अलीकडे रेवदंडा आणि पलीकडे कोर्लई. एक दिवस तेवढ्यालाच पुरतो.

पंचांग काढा. २५ला शुद्ध चतुर्दशी आहे. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे साडेदहाच्या सुमाराला भरती आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हणून सकाळी कोर्लई चढा. वरून तीन बाजूंना भरलेलं पाणी दिसेल आणि ऊनही डोक्यावर आलेलं नसेल. रेवदंड्याचा तट समुद्राच्या बाजूने बघायचा तो चारनंतर, पाणी हटल्यावर. उलटं केलंत तर एकीकडे ऊन खाल आणि दुसरीकडे तटाच्या पायथ्याशी लाटा.

थोरलीला खाडीचं तोंड नीट दाखवा. १५०८ साली इथेच इजिप्तच्या मामलुक सुलतानांचं आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज यांनी पोर्तुगीजांना गाठलं. व्हाइसरॉय आल्मेइदाचा मुलगा लोरेन्सो याचं जहाज बाहेर निसटताना कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खांबांत अडकलं आणि तो तिथेच मारला गेला. बापाने त्याच वर्षाअखेरीस दाभोळ जाळलं आणि पुढच्या फेब्रुवारीत दीवला सूड घेतला. एवढी मोठी दर्यावर्दी माणसं, आणि अडकली कशात, तर आमच्या कोळ्यांच्या खांबांत! लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्हाला उगाच अभिमान वाटायचा.

रेवदंड्यात गावच किल्ल्यात आहे. तटाच्या आत नारळ-सुपारीच्या वाड्या, घरं आणि मधूनच एखादी कमान. सातखणी मनोरा मठाचा होता, आता वरचे मजले ढासळलेत. फार जवळ जाऊ नका. गावात बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉग आहे आणि शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचा स्मृतिस्तंभ. तो पंधराव्या शतकात इथे शेजारीच चौलला उतरला, वास्को द गामाच्या कितीतरी आधी. हे दोन्ही वीस मिनिटांत होतं.

मंगळवारी, २६ला, दत्तजयंती आहे आणि चौलच्या दत्ताच्या डोंगरावर जत्रा सुरू होते. आदल्या दिवसापासूनच दुकानं मांडायला लागतात, तेव्हा चौल नाक्यावर वेळ धरून चाला.
– चौलचे काका

१९ डिसेंबर
काकांनी किल्ले सांगितले, मी माणसांचं सांगते.

कोर्लई गावात नाताळ म्हणजे घरचा सण. पोर्तुगीज १७४० साली चौल सोडून गेले, पण इथल्या ख्रिस्ती लोकांच्या घरात त्यांच्या भाषेतून घडलेली एक बोली अजून बोलतात. बोलणारे हजाराच्या आसपास असतील. शब्द बहुतेक पोर्तुगीज, आणि क्रियापद मात्र आपल्यासारखं शेवटी. स्पॅनिश पोर्तुगीजच्या जवळची, त्यामुळे तुमच्या लेकीचे कान टवकारतील. पण कुणाच्या दारात उभं राहून ‘जरा बोलून दाखवा ना’ म्हणू नका, आणि नटलेल्या पोरींचे फोटो तर विचारल्याशिवाय अजिबात नकोत. दीपगृहाकडचा रस्ता वस्तीतूनच जातो आणि अरुंद आहे. त्या दिवशी घरोघरी पाहुणे असतात, म्हणून गाडी अलीकडेच लावा.

सासूबाईंना किल्ला चढवू नका. दीपगृहापाशी बसल्या तरी खाडी दिसते.

आणि रात्री पोपटी लावा, म्हणजे मडक्यात शेंगा-कोंबडी भाजा! वालाच्या शेंगा आल्या असतील. मडकं, भांबुर्ड्याचा पाला, अंडी, कोंबडी, बटाटे. शेंगांवर ओवा आणि जाडं मीठ. पाणी एक थेंबही घालायचं नाही.
– कार्यकारिणीतली ताई

२५ डिसेंबर, रात्री
काका, ताई, आभार!

तिथीचा हिशोब चोख निघाला. पावणेपाचला तटाखालची वाळू उघडी पडली होती. सासूबाई दीपगृहापाशी बसतील असं आम्ही गृहीत धरलं होतं, पण त्या चर्चच्या पायरीवर बसल्या. तिथल्या एका आजींशी त्यांची गट्टी जमली, दोघींनी मनसोक्त सुनांची निंदा केली, अर्थात मराठीत. लेकीने त्या आजींच्या नातीकडून एक ते दहा आकडे ऐकले आणि बरेचसे न सांगता ओळखले. धाकट्याने कोर्लईच्या तोफांना हात लावून एकेकीचं नाव ठेवलं. त्यात एक ‘आजी’ आहे.

पोपटी अंगणात लावली आहे, पाल्याचा धूर थेट शेजाऱ्यांकडे जातोय आणि ते वासावर येऊन बसलेत, त्यामुळे कोंबडी पुरेल असं दिसत नाही. उद्या चौलच्या जत्रेला गाडी न नेता एसटीने जातोय. काका, डोंगर चढायला सकाळ बरी की संध्याकाळ?
– अ. जावई