मदत हवी आहे : मावसभाऊ जिमच्या इंजेक्शनात अडकलाय

मंडळी, जरा अर्जंट आहे. माझा मावसभाऊ २१ वर्षांचा, कोल्हापुरात राजारामपुरीकडं राहतो, आधी तालमीत जायचा मग जिम धरली आणि तिथल्या कुणीतरी मेफेंटरमाइनचं इंजेक्शन दिलं म्हणे, ताकद येते म्हणून. खरं तर ते ऑपरेशनच्या वेळी बीपी पडलं तर चढवायला दवाखान्यात वापरतात, ताकदीचा काय संबंध? आता पोरगं रात्र रात्र झोपत नाही, छाती धडधडते म्हणतो, सारखी चिडचिड, आणि परवा मावशीच्या कपाटातले पैसे गेले. सुईसुद्धा चौघंजण एकच वापरत्यात, त्याचीच जास्त भीती वाटते, एचआयव्ही, कावीळ काय बी होऊ शकतंय.

मावशी म्हणते गप बसा, बहिणीचं लग्न ठरायचंय, गल्लीत बोभाटा नको. काका तर बेल्ट काढून मोकळे, त्यानं काय सुटतंय व्हय!

१४४४६ या व्यसनमुक्तीच्या टोल फ्री नंबरवर कुणी फोन केलाय का, मराठीत बोलतात का? इथल्या सीपीआर सरकारी दवाखान्यात आधी मानसोपचारवाल्यांना दाखवू का थेट पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात न्यावं? आणि तो यायलाच तयार नाही, तर घरातल्यांनी आधी जाऊन भेटलं तर चालतं का? अनुभव असेल तर प्लीज सांगा, इनबॉक्समध्ये सांगितलं तरी चालेल.