पंपावरचे ८७, ९१ आणि ९५ हे आकडे नेमके काय सांगतात?

प्रश्न

माझ्यासमोर दोन वाहनांच्या माहितीपुस्तिका आहेत. एकीत पेट्रोलच्या ऑक्टेनसाठी ‘किमान ९१ आरओएन’ असे छापलेले आहे. दुसरी उत्तर अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीची असून तिच्यात ‘८७ किंवा अधिक’ एवढाच उल्लेख आहे. दोन्ही इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) जवळजवळ सारखा आहे, दोन्हींना टर्बो नाही. मग एकाला ९१ आणि दुसऱ्याला ८७ कसे चालते, हे मला उलगडलेले नाही.

शिवाय गेले सहा महिने पहिल्या वाहनात मी आवर्जून ९५ ऑक्टेनचे पेट्रोल भरत आलो आहे. प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरून किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवले, तरी मायलेजमध्ये किंवा पिकअपमध्ये सांगण्यासारखा फरक आढळला नाही. माझ्या मोजण्यात काही चुकले असावे का? आणि पंपावर ऑक्टेनच्या आकड्याशेजारी ‘ई१०’ असे लेबल असते, तोही प्रतीचाच दर्जा समजायचा का?

पहिले उत्तर

आपल्या मोजण्यात चूक दिसत नाही. ऑक्टेनच्या आकड्यावरून पेट्रोलमध्ये किती ऊर्जा आहे हे कळत नाही, म्हणून तो वाढवल्याने मायलेज वाढावे अशी अपेक्षाच मुळात निराधार आहे. तो आकडा एकाच गुणाचे माप आहे: दाब आणि उष्णता वाढत असताना, ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधी आपोआप पेट न घेता इंधन किती तग धरते.

स्पार्क प्लगची ठिणगी पडली की ज्योत एका टोकाकडून पसरू लागते आणि जळालेला वायू प्रसरण पावताना पलीकडच्या, अजून न जळालेल्या मिश्रणाला दाबत आणि तापवत जातो. ज्योत त्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वेळेत पोहोचली तर ज्वलन सुरळीत पार पडते. पण त्याआधीच त्या मिश्रणाची सहनशक्ती संपली, तर ते एकदम पेटते, दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि धातूवर हातोडीने ठोकल्यासारखा आवाज ऐकू येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. अधूनमधून होणारे हलके नॉकिंग इंजिन सोसते, परंतु जोरदार नॉकिंग सतत चालू राहिले तर पिस्टनच्या माथ्याला खड्डे पडतात आणि रिंगांच्या खाचांमधला धातू तुटू लागतो. ज्या इंजिनात मिश्रण त्या मर्यादेपर्यंत दाबले किंवा तापवले जातच नाही, तिथे अधिक तग धरणाऱ्या इंधनाचा तो गुण कधी कामालाच येत नाही. आपल्या पहिल्या वाहनात नेमके हेच घडत आहे.

नावामुळेही पुष्कळ गैरसमज होतो, म्हणून तेही सांगतो. ९५ ऑक्टेन म्हणजे ९५ टक्के ऑक्टेन नव्हे. १९२०च्या दशकात ग्रॅहॅम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने दोन शुद्ध द्रवांची मोजपट्टी सुचवली, ज्यात सहज नॉकिंग करणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला ० आणि नॉकिंगला चांगला विरोध करणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० हा आकडा दिला गेला. चाचणीच्या इंजिनात जे पेट्रोल ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच नॉकिंग करते, ते ९५चे. मग त्यात प्रत्यक्ष कोणते हायड्रोकार्बन किती आहेत याला महत्त्व नाही. मला स्वतःला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट ही वाटते की आयसो-ऑक्टेनच्या रेणूत असतात तेच आठ कार्बन आणि अठरा हायड्रोजन अणू फांद्या न फुटलेल्या सरळ साखळीत जोडले, तर जो नॉर्मल ऑक्टेन तयार होतो त्याचा आकडा शून्याच्याही खाली जातो. अणू तेच असूनही केवळ रेणूच्या आकारामुळे एवढे अंतर पडते.

दुसरे उत्तर

८७ आणि ९१चे कोडे मापनपद्धतीत आहे, इंजिनांत नाही. ऑक्टेन मोजण्यासाठी एकाच सिलिंडरचे एक प्रमाणित इंजिन वापरतात, ज्याचा कॉम्प्रेशन रेशो ते चालू असतानाच कमी-जास्त करता येतो. या इंजिनावर दोन वेगवेगळ्या चाचण्या होतात. पहिलीत इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर, तुलनेने थंड हवा घेऊन चालते; तिचा निकाल म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर, अर्थात आरओएन. दुसरीत वेग मिनिटाला ९०० फेऱ्यांचा असतो आणि इंधन-हवेचे मिश्रण सुमारे १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले असते. तिचा निकाल म्हणजे मोटर ऑक्टेन नंबर, अर्थात एमओएन. दुसरी परिस्थिती अधिक कठोर असल्यामुळे तेच पेट्रोल तिथे बहुधा ८ ते १० अंकांनी कमी भरते.

युरोपात आणि जगाच्या बऱ्याच भागांत पंपावर आरओएन लिहितात. अमेरिका आणि कॅनडात मात्र या दोन आकड्यांची सरासरी लिहिण्याचा प्रघात आहे, जिला अँटी-नॉक इंडेक्स म्हणतात आणि अमेरिकेत पंपावरच्या पिवळ्या लेबलावर तिचे सूत्रही छापलेले असते. आता आपले उदाहरण घ्या. ज्या पेट्रोलचा आरओएन ९१ आणि एमओएन ८३ आहे, त्याची सरासरी ८७ येते; म्हणजे आपल्या दोन्ही पुस्तिका जवळपास एकाच इंधनाबद्दल बोलत आहेत. त्याच हिशेबाने ९५ आरओएन आणि ८५ एमओएन असलेले पेट्रोल तिकडे ९० म्हणून विकले जाईल. आकड्याशेजारी कोणती पद्धत लिहिली आहे हे पाहिल्याशिवाय दोन देशांतल्या आकड्यांची तुलना करूच नये, असे माझे ठाम मत आहे. पुस्तिकांमधला जो ‘८७’ पद्धतीच्या नावाशिवाय छापला जातो, तो वाचकावर अन्याय करतो.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभारी आहे. आता पुस्तिका पुन्हा उघडली, तेव्हा माझ्या एका नातेवाइकांच्या टर्बो गाडीच्या पुस्तिकेत ‘९५ आरओएनची शिफारस, किमान ९१’ असे वाक्य सापडले. शिफारस आणि किमान यांत व्यवहारात काय फरक पडतो?

तिसरे उत्तर

पुष्कळ फरक पडतो, आणि ते वाक्य शब्दशः वाचणेच योग्य. आजच्या इंजिनांच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. नॉकिंगची विशिष्ट कंपने त्याला जाणवली की नियंत्रक संगणक ठिणगीचे टायमिंग थोडे मागे ओढतो, म्हणजे ठिणगी किंचित उशिरा पाडतो, त्यामुळे सिलिंडरमधला दाब उतरतो आणि नॉकिंग थांबते, पण त्याची किंमत म्हणून थोडी शक्ती आणि थोडे मायलेज जाते. शिफारस ९५ची आणि किमान ९१ असेल, तर ९१वर इंजिन सुरक्षित राहते, मात्र पुस्तिकेत दिलेली पूर्ण शक्ती विशेषतः चढावर, भार घेऊन किंवा कडक उन्हात मिळेलच असे नाही. अशा गाडीत ९५ भरल्यास फरक खरोखर जाणवू शकतो, कारण टर्बो आधीच दाबलेली आणि तापलेली हवा सिलिंडरमध्ये ढकलतो. याउलट जिथे ‘९५ आवश्यक’ असे लिहिले आहे, तिथे सेन्सरच्या भरवशावर कमी ऑक्टेन भरत राहू नये. टायमिंग मागे ओढण्यालाही मर्यादा असते.

केवळ कॉम्प्रेशन रेशो पाहून आपणच ग्रेड ठरवण्याचा मोहही टाळावा. सिलिंडरमध्ये थेट फवारलेले पेट्रोल बाष्प होताना मिश्रणाला थंड करते, त्यामुळे अशी इंजिने अधिक रेशो असूनही साध्या पेट्रोलवर व्यवस्थित चालतात.

एक अनुभव सांगतो. माझी जुनी, कार्बोरेटरची मोटारसायकल चढावर ठोके देऊ लागली, तेव्हा मी जवळजवळ वर्षभर तिच्यात वरच्या ग्रेडचे पेट्रोल भरले आणि आवाज थांबल्याचे समाधान मानले. पुढे हेड उघडले, तर ज्वलनकक्षात कार्बनचा जाड थर बसलेला होता. तो थर जागा व्यापून कॉम्प्रेशन वाढवत होता आणि उष्णताही धरून ठेवत होता. साफसफाईनंतर ती गाडी पुस्तिकेत सांगितलेल्या साध्या पेट्रोलवर आवाज न करता चालली. नवे नसलेले इंजिन अचानक ठोके देऊ लागले, तर ऑक्टेन वाढवण्याआधी कार्बन, टायमिंग आणि कूलिंग तपासून घ्यावे, असे मी तेव्हापासून सर्वांना सांगतो.

चौथे उत्तर

‘ई१०’चा प्रश्न राहून गेला आहे. तो प्रतीचा दर्जा नाही. पेट्रोलमध्ये आकारमानाने जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉल असू शकते, एवढेच तो सांगतो. ई५ आणि ई२० यांचाही अर्थ तसाच लावायचा. युरोपीय संघात २०१८ सालापासून ही चिन्हे एकसारखी केली असून पेट्रोलसाठी वर्तुळ, डिझेलसाठी चौरस आणि वायुरूप इंधनांसाठी समभुज चौकोन वापरतात. तेच चिन्ह नव्या गाडीच्या टाकीच्या झाकणाजवळही असते, म्हणून जुळवून पाहणे सोपे जाते.

इथेनॉलमुळे ऑक्टेन आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे फार स्पष्ट दिसते. त्याचा आरओएन १००च्या बराच वर असतो, त्यामुळे ते मिसळल्याने पेट्रोलचा आकडा चढतो. पण एका लिटर इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते. म्हणून शुद्ध पेट्रोलऐवजी ई१० भरल्यास लिटरमागे ऊर्जा ३ ते ४ टक्क्यांनी घटते आणि ई२०मध्ये साधारण ७ टक्क्यांनी. आकडा वर जातो आणि ऊर्जा खाली येते. जुन्या वाहनांत आणखी एक काळजी घ्यावी लागते, कारण इथेनॉल काही प्रकारच्या रबरी नळ्या आणि सील खराब करते. पुस्तिकेत इथेनॉलची जी कमाल मर्यादा दिली आहे, ती ऑक्टेनच्या किमान मर्यादेइतकीच गांभीर्याने पाळावी.

प्रश्नकर्ता

सगळे नीट समजले. पहिल्या वाहनात आता पुन्हा ९१ भरणार आहे. टाकीत अर्धे ९५ शिल्लक आहे. ते संपू द्यावे लागेल का?

दुसऱ्या उत्तराचे लेखक

नाही, थांबण्याची गरज नाही. दोन्हींत इथेनॉलचे प्रमाण सारखे असेल, तर मिश्रणाचा आकडा जवळपास प्रमाणानुसार येतो. अर्धे ९५ आणि अर्धे ९१ मिळून सुमारे ९३ होईल, जे आपल्या किमान ९१च्या वरच आहे. पुढच्या दोन-तीन भरण्यांत टाकीतले पेट्रोल आपोआप ९१च्या जवळ येईल. किलोमीटर आणि लिटरची नोंद मात्र तशीच चालू ठेवा, आणि चढावर, वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने जाताना कान देऊन ऐका. नॉकिंग असेल तर ते तिथे आधी ऐकू येते.