ऑपरेशननंतर काखेतून कोपरापर्यंत ताणलेली दोरी: हात हलवू द्यावा का?

रानजाई:
कॅन्सरमुळे आईचं डावं स्तन काढण्याचं ऑपरेशन होऊन साडेतीन आठवडे झाले. काखेतल्या गाठीही काढल्यात. नळी निघाली, जखम भरली. पण आता हात बाजूला उचलला की कातडीखाली काखेपासून कोपरापर्यंत सुतळी ताणल्यासारखी दिसते. हात खांद्याच्या वर जात नाही, दंडाची आतली बाजू बधिर आहे. शीर तुटेल या भीतीने ती हात अंगाशी धरून बसते. पुढच्या महिन्यात रेडिएशन आहे. शेक द्यावा का?

सांधेजोड:
हात हलवायलाच हवा. दवाखान्यात याला 'कॉर्डिंग' म्हणतात. काखेतल्या गाठी काढल्यावर तिथल्या लसिकावाहिन्या (शरीरातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) कडक होऊन आखडतात, असं मानलं जातं. बहुधा पहिल्या दोन महिन्यांतच दिसतं. ही शीर नाही, आणि हा कॅन्सर परत आल्याचाही प्रकार नाही. बहुतेकींची दोरी काही महिन्यांत विरते, पण तोवर हात बांधून ठेवला तर खांदा धरतो. रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर नेऊन स्थिर ठेवावा लागतो, तेव्हा अडतं ते इथेच.

सर्जनना विचारून दिवसातून ३ वेळा, प्रत्येक व्यायाम ५ ते १० वेळा करू द्या. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि डोक्याकडे न्यायची; जोर उजव्या हाताचा. मग भिंतीकडे तोंड करून बोटांनी वर चढायचं, पोचेल तिथे पेन्सिलने खूण करायची. इथे हमखास चूक होते: उंची गाठायला खांदा कानाशी जातो नाहीतर कंबर वाकते. खूण वर सरकते, सांधा मात्र तिथेच राहतो. म्हणून मागे कुणीतरी उभं राहावं.

दोरीसाठी वेगळा ताण: हात बाजूला, तळवा वर, कोपर सरळ, शेवटी मनगट हळूच मागे. ओढ जाणवली की थांबून ४-५ श्वास. व्यायाम संपल्यावरही बराच वेळ ठणकत राहिलं तर ताण कमी करा. कधी 'टक्' आवाज होऊन दोरी सुटते आणि हात एकदम मोकळा होतो. घाबरू नका, पण मुद्दाम तोडायलाही जाऊ नका. दोन आठवड्यांत खूण वर सरकली नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, रेडिएशनची तारीख आधी सांगून.

निवडुंग:
शेक अजिबात नको. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी संवेदनेची नस ऑपरेशनमध्ये ताणली किंवा कापली जाते, म्हणून बधिरपणा. चटका बसला तरी कळत नाही, फोड आल्यावरच दिसतो. काखेतले केस ब्लेडने काढू नयेत, ट्रिमर वापरावा. त्या हातात घट्ट बांगड्या नकोत. बधिरपणा कमी व्हायला महिने लागतात, थोडा कायमही राहतो. काढलेल्या स्तनाच्या जागी खाज आल्यासारखं वाटणं हेही नसांचंच काम. आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती मनातच ठेवेल.

सुईदोरा:
ब्लाउजचं कुणी बोललं नाही. डाव्या बाजूचा मुंढा उसवून सैल करा, तिथली शिवण व्रणावर घासते. हुक पुढे घ्या. सध्या आत मऊ सुती भरणी पुरे. सिलिकॉनचं वजनदार कृत्रिम स्तन साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, सर्जनने होकार दिल्यावर. ब्रेसियरला आतून सुती खिसा शिवून त्यातच ठेवावं. भरणी फार हलकी असली की ती बाजू वर सरकते, म्हणून पिना लावल्या जातात; बधिर कातडीशेजारी पीन नको.

रानजाई:
आभार. काखेतल्या गाठी काढल्या की पुढे हाताला सूज येऊ शकते म्हणतात. ती येतेय हे वेळेत कसं कळेल?

सांधेजोड:
दोन्ही हात टेपने मोजा: मनगट, आणि कोपराच्या घडीपासून १० सेंमी वर व १० सेंमी खाली. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वहीत तारीख घालून. आजचं माप लिहाच, पुढे तुलना त्याच्याशी करायची आहे. उजवा हात मुळातच थोडा जाड असू शकतो. एखाद्या जागी फरक २ सेंमीने वाढला, किंवा त्याआधीच हात जड वाटू लागला, तर दाखवा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.