अनुभव धागा: एमिनेमचा 'कर्टन कॉल', मध्ये एकही गाणं न गाळता

आडवाटेची (धागा माझा)

अमेरिकन रॅपर एमिनेमबद्दल मत सगळ्यांनाच असतं. त्याचा अख्खा अल्बम ओळीने ऐकलेली माणसं मात्र फार कमी. म्हणून हे आमंत्रण. डिसेंबर २००५ मध्ये आलेला 'कर्टन कॉल: द हिट्स' घ्या, सतरा ट्रॅक आहेत ते त्याच क्रमाने ऐका, पुढे ढकलू नका, आणि कुठे काय झालं ते लिहा. अर्धवट सोडलात तर कुठे सोडलात तेही चालेल. दोनच विनंत्या: 'संस्कृतीचा ऱ्हास' आणि 'तुम्हाला कळत नाही, तो जीनियस आहे' ही दोन वाक्यं इथे नकोत. मूळ शिव्याही उतरवू नका, ज्याला हव्यात त्याला गाण्यात मुबलक मिळतील.

सुरुवात मी करते. माझं लक्ष पुन्हा पुन्हा गेलं ते यात काय नाही याकडे. बायकोचं खरं नाव घेऊन तिचा गळा चिरण्यापर्यंत जाणारं 'किम' हे २००० सालचं गाणं इथे नाही. ते सिंगल म्हणून कधी आलंच नाही, त्यामुळे हिट्समध्ये नसणं रीतसरच आहे. पण त्याच बायकोपासून झालेल्या मुलीला 'आई इथे का नाही' हे समजावणारं 'मॉकिंगबर्ड' आहे, आणि शेवटाकडे बापाच्या अपराधी मनाचं 'व्हेन आय ॲम गॉन'सुद्धा आहे. म्हणजे हा संग्रह ऐकून जो एमिनेम समजतो तो वकिलाने साक्षीदार निवडून उभा केल्यासारखा आहे. यातलं काहीच खोटं नाही, फक्त कोणाला बोलवायचं नाही हे आधीच ठरलेलं आहे.

रात्रपाळी

'इंट्रो' झाला, 'फॅक' लागलं, हिंजवडीच्या बसमध्ये शेजारी एक काकू होत्या. हेडफोन असूनही आवाज कमी केला. हिट्सच्या संग्रहात पहिलंच पूर्ण गाणं नवं कोरं आणि सगळ्यात गलिच्छ ठेवायचं, याला मी तरी खोडसाळपणाच म्हणेन. गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं तरी चालेल असा हिशेब. मी परत गेलो. बाकीच्यांनी पुढचं सांगा.

कृष्णाकाठ

आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर हा माणूस एमपी-थ्रीच्या सीडीवरून आला. एका सीडीत दीडशे गाणी, वर मार्करने 'इंग्लिश मिक्स'. लिंकिन पार्क, बॅकस्ट्रीट बॉइज आणि हा, एकाच पंगतीत. आम्ही सगळे मराठी माध्यमाचे. कुणीतरी सायबर कॅफेतून 'द रिअल स्लिम शेडी'चे शब्द छापून आणले होते आणि ते आम्ही पाढ्यासारखे घोकले. अर्थ विचारायची पद्धत नव्हती. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत जीभ अडखळणारी पोरं रात्री गच्चीवर ते गाणं एका दमात म्हणायची, याचा जो माज होता तो सांगून कळणार नाही.

आता सलग ऐकलं तेव्हा ते अकराव्या नंबरला आलं. तोंडाने अजून शब्द आपोआप येतात, पण आता त्यांचा अर्थही कळतो. कुठल्या पॉप गायिकेबद्दल काय म्हटलंय, त्यातलं किती निव्वळ कंड्या पिकवणं आहे. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढं पाठ आहे होय तुला?" मी दारं लावून पुढचं गाणं ऐकलं.

'सिंग फॉर द मोमेंट'ने मात्र तेव्हाइतकंच धरलं. त्यात एरोस्मिथ या रॉक बँडच्या 'ड्रीम ऑन'चा तुकडा आहे आणि शेवटची गिटार खुद्द त्यांच्याच जो पेरीची. आमच्यातल्या रॉकवाल्यांना रॅप कानावर घ्यायला लावलं ते याच गाण्याने.

आर्याप्रेमी

मी निवृत्त शिक्षक, चाळीसेक वर्षं मराठी शिकवलं. नातवाने हेडफोन डोक्यावर ठेवले म्हणून या भानगडीत पडलो. भाषा निम्मी कळली, म्हणून मी वृत्ताकडे कान दिला.

तिसरं गाणं, 'द वे आय ॲम'. मागे घंटेसारखा तीन स्वरांचा ठोका आणि त्यावर शब्द: दोन हलके, एक जड, दोन हलके, एक जड. 'यमाताराजभानसलगा'तला स गण. ओळीत असे चार बसले की आपण त्याला तोटक म्हणतो. इंग्रजीत लघुगुरू नसतात, आघात असतात, त्यामुळे तंतोतंत नव्हे. पण हा मनुष्य अख्खं गाणं त्या चालीवर रेटतो आणि कुठे श्वासाला थांबत नाही. शिवाय यमक ओळीच्या शेवटापुरतं ठेवत नाही. 'लूज युवरसेल्फ'मध्ये तीन-तीन, चार-चार अक्षरांचे गट पोटात जुळवत नेतो. अंत्ययमकावर भागवणाऱ्या आपल्याकडच्या कवींनी हे एकदा ऐकावं. मोरोपंतांनी दाद दिली असती आणि मग कानावर हात ठेवले असते.

कारण कारागिरी पाहिली म्हणून मजकूर सुटत नाही. 'जस्ट लूज इट' हे मला साफ सामान्य वाटलं. मायकेल जॅक्सनचे जळलेले केस आणि त्याच्यावरचे आरोप यांवरचे विनोद, आणि तेही ढिल्या यमकांत. यमक ढिलं पडलं की नुसता आचरटपणा उरतो.

चिंचपोकळीचा

सर, झकास. फक्त आता कुणी 'रॅप म्हणजे आपला कलगी-तुराच' म्हणू नका, प्रत्येक चर्चेत ते येतं. शाहिरांच्या सवाल-जवाबात समोरच्या फडाची टर उडवत असतील, पण स्वतःच्या आईचं नाव घेऊन अख्खं गाणं कुणी लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

डेट्रॉइटकर

मी डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो, गाड्यांच्या धंद्यात आहे, इथल्या अर्ध्या मराठी माणसांसारखा. 'एट माइल' हा आमच्याकडे एमिनेमचा सिनेमा नाही, रस्ता आहे. दक्षिणेला डेट्रॉइट शहर, उत्तरेला उपनगरं. कुणी कुठे घर घ्यायचं हे त्या रेषेवर वर्षानुवर्षं रंगावरून ठरत आलं. नवीन आलेल्या देशी माणसाला पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगतंच, "खाली घर बघू नकोस." गोऱ्या पोराने त्या रस्त्यालगतच्या काळ्या वस्तीत रॅपच्या लढतीत उतरणं म्हणजे काय, हे मला तो सल्ला आठवल्यावर समजलं.

ड्रेसडेन स्ट्रीटवरचं त्याचं लहानपणीचं घर, 'मार्शल मॅथर्स एलपी' या अल्बमच्या मुखपृष्ठावरचं, आग लागल्यानंतर २०१३ मध्ये पाडलं. डाउनटाउनला 'मॉम्स स्पगेटी' नावाचं त्याचं दुकान २०२१ पासून आहे. पाहुणे आले की नेतो. स्पगेटी बेताचीच, रांग मोठी.

मी गाडीत ऐकला हा अल्बम, आणि दहाव्या ट्रॅकला गाडी बाजूला घ्यावीशी वाटली. 'लाइक टॉय सोल्जर्स'. मार्टिका या पॉप गायिकेच्या १९८९ च्या गाण्याचं ध्रुवपद लहान मुलांच्या आवाजात, आणि मजकूर असा की रॅपर्सची भांडणं आता पुरे, माणसं मरतील. व्हिडिओत गोळी लागून मरणाऱ्या मित्राचं काम त्याचा जिवलग मित्र प्रूफ याने केलंय. संग्रह आला डिसेंबर २००५ मध्ये. एप्रिल २००६ मध्ये प्रूफ खरोखर गोळी लागून मेला, एट माइलवरच्याच एका क्लबमध्ये. भांडणात आधी त्यानेही गोळी चालवली होती आणि तो दुसरा माणूसही गेला. तो व्हिडिओ मी पुन्हा लावलेला नाही.

खिडकीपाशी

मी कौटुंबिक न्यायालयात काम करते, त्यामुळे माझं ऐकणं तिरकं असणार हे धरून चाला.

बारा, तेरा, चौदा हे तीन ट्रॅक एकामागून एक लागतात आणि तिथे माझी फार ओढाताण झाली. बारावं 'मॉकिंगबर्ड'. बाप मुलीला अंगाईच्या चालीवर सांगतो की सगळं नीट होईल. डोळ्यांत पाणी येतं, येऊ दिलं. ते संपतं न संपतं तोच 'गिल्टी कॉन्शन्स'. तीन गोष्टी आहेत: दारूचं दुकान लुटायला निघालेला एक, पार्टीत अल्पवयीन मुलीला बेशुद्धीकडे नेणारा दुसरा, आणि बायकोला परक्या माणसाबरोबर बघणारा तिसरा. प्रत्येकाच्या एका कानाशी डॉ. ड्रे, 'नको करूस' म्हणणारा. दुसऱ्या कानाशी एमिनेम, 'कर' म्हणणारा.

दुसऱ्या गोष्टीला मी हसले नाही. तिसऱ्या गोष्टीला मात्र हसले, आणि ते हसू काय होतं ते सांगते. ड्रे शहाणपण शिकवत असतो तेव्हा एमिनेम त्याला मध्येच ऐकवतो की डी बार्न्सला मारणारा तू मला काय शिकवणार! ही गोष्ट खरी आहे. ड्रेने १९९१ मध्ये त्या पत्रकार बाईंना मारहाण केली होती. आणि ड्रे या गाण्याचा निर्माता! स्वतःच्या गुरूला त्याच्याच गाण्यात उघडं पाडायचं, यातलं धाडस झणझणीत आहे, म्हणून हसू येतं. मग पुढच्या क्षणी ड्रेचा संयम सुटतो आणि दोघं मिळून म्हणतात, मार दोघांना. म्हणजे खऱ्या बाईला झालेली खरी मारहाण इथे एका पंचलाइनसाठी वापरली, आणि तिचा परिणाम काय, तर अजून एक बाई मेली. विनोदाची बांधणी एवढी चोख आहे की आपण कुठे हसलो हे दोन ओळी पुढे गेल्यावर ध्यानात येतं. माझ्यासमोर रोज जी पुरुषमंडळी बसतात त्यांची कारणं याहून वेगळी नसतात, फक्त त्यांना यमक जुळवता येत नाही.

आणि लगेच 'क्लीनिंग आउट माय क्लॉझेट', आईवर. या बाईंनी लेकावर आधीच, १९९९ मध्ये, एक कोटी डॉलर्सचा बदनामीचा दावा लावला होता. तो शेवटी पंचवीस हजारांवर मिटला. गाण्यात राग खराखुरा आहे आणि मला तो खोटा म्हणायचा नाही, अशा घरांतली मुलं मी पाहते. पण नात तुला कधी दिसणार नाही, तुझ्या अंत्यविधीलाही नाही, असं कोट्यवधी लोकांसमोर म्हटल्यावर परतीची वाट कशी काढणार? त्याने काढली, २०१३ च्या 'हेडलाइट्स'मध्ये. माफी मागितली, आणि ते जुनं गाणं रेडिओवर लागलं की आता आपल्यालाच सोसत नाही असं त्यात सांगितलं. आई डिसेंबर २०२४ मध्ये गेल्या. हा संग्रह २००५ लाच थांबतो, त्यामुळे इथे शिव्या आहेत आणि माफी नाही. आडवाटेची, तुमच्या वकिलाने इथे आरोपीचंच नुकसान केलं म्हणायचं.

आडवाटेची

खिडकीपाशी, मान्य. माझा सिद्धान्त चौदाव्या ट्रॅकला पांगळा होतो.

ऑकलंडकर

किरकोळ भर. 'एट माइल' सिनेमातल्या 'लूज युवरसेल्फ'ला २००३ मध्ये ऑस्कर मिळालं, रॅपला पहिल्यांदाच, आणि हे महाशय समारंभाला गेलेच नाहीत, घरी झोपले होते. सहलेखक लुइस रेस्टोने बाहुली घेतली. आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये मात्र हे गाणं कोर्टामुळे जास्त माहीत. २०१४ च्या निवडणुकीत नॅशनल पक्षाने जाहिरातीत याची हुबेहूब नक्कल वाजवली, ट्रॅकचं नावच 'एमिनेम एस्क'. २०१७ मध्ये हायकोर्टाने सहा लाख डॉलर्स भरायला लावले, अपिलात ते सव्वादोन लाखांवर आले. मला आता ते गाणं लागलं की वल्ही मारणारी माणसं दिसतात, जाहिरातीत होती ती.

दोन पोरांचा बाप

धाकटा पंधरा वर्षांचा. त्याला हे सगळं 'जुनं' वाटतं. तो एमसी स्टॅनवाला, पुण्याचा, बिग बॉस जिंकलेला. मी विचारलं, त्याचं नाव कुठून आलं माहितीये? दोघांनी मिळून पाचवा ट्रॅक, 'स्टॅन', ऐकला. तीन कडवी एका चाहत्याची पत्रं, चौथं एमिनेमचं उत्तर, आणि ते उत्तर पोचेपर्यंत चाहत्याने गरोदर मैत्रिणीला डिकीत कोंडून गाडी पुलावरून खाली घातलेली. पोरगा म्हणाला, "पप्पा, हे नाव कुणी स्वतःहून का घेईल?" मला उत्तर सुचलं नाही. 'शेक दॅट' लागायच्या आत मी चहाचं निमित्त करून उठलो.

शून्यठसा

मी गे आहे. नाशिकला वाढलो. २००१ मध्ये मी अकरावीत होतो आणि एमिनेम हा वर्गातल्या सगळ्या मुलांचा आवडता होता. माझाही. त्याच्या गाण्यांत माझ्यासारख्यांसाठी वापरलेला शब्द त्या मुलांनी त्याच्याचकडून उचलला आणि डबा खाताना माझ्यावर फेकला. त्यामुळे 'आवडतो' म्हणजे काय हे मला आजही सरळ सांगता येत नाही.

शेवटचा, सतरावा ट्रॅक म्हणजे पुन्हा 'स्टॅन', फेब्रुवारी २००१ च्या ग्रॅमीमधला, मूळ गाण्यातल्या गायिका डायडोच्या जागी स्वतः गे असलेला गायक एल्टन जॉन. बाहेर समलैंगिकांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना निदर्शनं करत होती, आत एल्टन पियानोवर, आणि शेवटी दोघांनी हातात हात घेऊन वर केले. तेव्हा मला एल्टनचाच राग आला होता. परवा ऐकताना तो राग बराचसा तिथेच होता, पण आता हेही माहीत आहे की पुढे एमिनेम औषधी गोळ्यांच्या व्यसनातून सुटत असताना एल्टन त्याला नेमाने फोन करत होता. ते हात वर करणं देखावा होता की मैत्रीची सुरुवात, दोन्ही असू शकतं. माफीनामा नव्हता, एवढं नक्की.

मला त्याहून चौथा ट्रॅक जास्त महत्त्वाचा वाटतो. 'माय नेम इज'ची ती मागे वाजणारी धून लाबी सिफ्रे या ब्रिटिश गायकाची, १९७५ च्या 'आय गॉट द...' मधली. सिफ्रे स्वतः उघडपणे गे. परवानगी मागायला लोक आले तेव्हा त्यांनी सांगितलं, बायका आणि समलैंगिकांवरच्या त्या ओळी काढा, मगच. ओळी बदलल्या. १९९९ मध्ये आपण सगळ्यांनी जे गाणं ऐकलं ते एका गे माणसाने आधी दुरुस्त करून घेतलेलं होतं, आणि माझ्या वर्गातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

सतरा ट्रॅक संपवलेत तर लगेच ते मूळ गाणं लावा. ती ओळखीची धून सुरुवातीला येत नाही, आधी बराच वेळ दुसरंच गाणं चालतं. मूळ गिटार आणि बास वाजवणारे चास अँड डेव्ह, लंडनच्या पबमधली गाणी म्हणणारी जोडी. सिफ्रेंचा आवाज फार सुंदर आहे.