ढगळ टी-शर्ट, कार्गो आणि पांढरे बूट: यात माझे स्वतःचे काय?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यातला, वय २३. आयटीआय पूर्ण करून गेली दोन वर्षे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रावर काम करतो आणि अनगोळमध्ये तीन मित्रांसोबत भाड्याच्या खोलीत राहतो. कारखान्यात राखाडी शर्ट आणि निळी पँट असा गणवेश आहे, त्यामुळे काय घालायचे हे मी स्वतः ठरवतो ते फक्त संध्याकाळच्या तीन-चार तासांपुरते आणि रविवारी.

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही सात जण खडेबाजार, गणपत गल्ली असे फिरून आलो आणि परतताना एक फोटो काढला. रात्री तो पाहत असताना लक्षात आले की सातपैकी पाच जणांनी खांद्यावरून उतरलेला ढगळ टी-शर्ट, सहा खिशांची कार्गो पँट आणि पांढरे बूट घातले आहेत. तिघांच्या पाठीवर इंग्रजी मजकूर होता आणि त्याचा अर्थ त्या तिघांपैकी एकालाही सांगता आला नाही. त्यांत मीही होतो. फोटोत सर्वांची तोंडे झाकली असती, तर मी कोणता हे मलाच ओळखता आले नसते. ही गोष्ट मनाला फार लागली, कारण पगारातून वाचवलेले पैसे मी ‘आपण थोडे वेगळे दिसावे’ म्हणूनच या कपड्यांवर खर्च केले होते.

गावी गेलो की निराळीच अडचण होते. बसथांब्यापासून घरापर्यंतच्या तांबड्या मातीत पांढरे बूट एका पावसात विटकरी होतात आणि वडील टी-शर्टकडे पाहून एवढेच म्हणतात, “हा तुझ्या मापाचा नाही रे.” ते रागावत नाहीत, पण त्यांचे म्हणणे खोटे नाही हे मलाही कळते.

लोकांनी वळून पाहावे अशी माझी इच्छा नाही. मित्रांत मिसळून राहता यावे, गावात परके वाटू नये आणि तरीही अंगावरचा कपडा माझा वाटावा, एवढेच हवे आहे. महिन्याला हजार-बाराशे रुपयांहून अधिक खर्च करता येणार नाही. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

शहापूर पेठ

तुझ्या वयाचा माझा मुलगा आहे, म्हणून एकेरीत लिहितो. माझे आयुष्य शर्ट-पँट शिवण्यात गेले आणि तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुझ्या वडिलांनी देऊन टाकले आहे, असे मला वाटते. मुद्दा मापाचाच आहे.

तयार कपडा चार-पाच ठरावीक मापांत येतो, माणसाचे अंग तसे येत नाही. एकाचा खांदा उतरता असतो, एकाचा हात लांब असतो, तर यंत्रावर काम करणाऱ्या मुलांची छाती आणि दंड भरलेले असूनही कंबर बारीक असते. ढगळ कपड्यात हा सगळा फरक झाकला जातो. एकच माप पुष्कळांना चालते, म्हणून बनवणाऱ्याला तो सोयीचा पडतो आणि नेमक्या याच कारणाने फोटोत तुम्ही सारे एकसारखे दिसलात. ढगळ घालू नये असे माझे म्हणणे नाही. ढगळ शर्टसुद्धा मापाने ढगळ शिवता येतो, म्हणजे खांद्याची शिवण हाडावर बसवायची, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) सैल ठेवायचा आणि उंची कमरेखाली चार-पाच बोटांवर थांबवायची. मग तो शर्ट दुसऱ्याकडून मागून आणल्यासारखा दिसत नाही.

पहिल्यांदा एकच शर्ट शिवून घे. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ३६ इंची असेल तर तुझ्या अंगाला पूर्ण बाह्यांच्या शर्टासाठी साधारण सव्वादोन मीटर लागेल आणि ५८ इंची असेल तर १.६० मीटर पुरेल. सुती कापड घेतलेस तर शिवायला टाकण्यापूर्वी एक रात्र पाण्यात भिजवून वाळव, कारण ते आधी आटले नाही तर पहिल्याच धुण्यात बाही मनगटाच्या वर चढते. कापड हाताशीच आहे. आपल्या बेळगाव तालुक्यातच हुदलीला खादीचे काम चालते आणि तिथल्या सुताचा किंचित खडबडीत पोत साध्या शर्टाला फार शोभतो. इचलकरंजीच्या मागांवरचे सुती कापडही आपल्या बाजारात मिळते. निवडताना रंगाआधी कापड मुठीत दाबून सोडून पाहा आणि मग उजेडासमोर धरून वीण किती दाट आहे ते पाहा.

आणखी एक सांगतो, ते बेळगावच्या हवेचे आहे. हल्ली जाड टी-शर्टाचे फार कौतुक चालते, २४० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन) म्हणजे उत्तम असे मुले येऊन सांगतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे तसा टी-शर्ट दोन-दोन दिवस वाळत नाही आणि शेवटी त्याला कुबट वास येतो. खोलीत दोरीवर कपडे वाळवणाऱ्या मुलाला १८० जीएसएम पुरे.

मुले शिंप्याकडे येईनाशी झाली, कारण आठ दिवस थांबावे लागते आणि गणपतीच्या तोंडावर तर तीन आठवडेही लागतात. पण आलेल्या मुलाला मी विचारतो, कॉलर टोकदार हवी की बिनपट्टीची, खिसा एक की दोन, बाही दुमडून घालणार की बटण लावून, तेव्हा तो गडबडतो, कारण हे प्रश्न आजवर त्याला कोणी विचारलेलेच नसतात. दोन मिनिटे तो आरशासमोर उभा राहतो आणि मग ठरवतो. तुला जे हवे आहे ते या दोन मिनिटांत सापडते, असा माझा अनुभव आहे.

निपाणीकर

मी मूळचा निपाणीचा, नोकरीनिमित्त चार वर्षांपासून पुण्यात आहे. शहापूरच्या काकांनी शर्टाचे सांगितले, मी पायांचे सांगतो, कारण माझी गाठ तिथेच सुटली.

पुण्यात आल्यावर पहिले वर्षभर गावाकडून आणलेली कोल्हापुरी चप्पल मी पलंगाखाली दडवून ठेवली होती. कार्यालयात शुक्रवारी साधे कपडे चालत, तरी तिथे ती गावंढळ दिसेल अशी भीती वाटे. एके दिवशी बुटाचा तळ निघाला आणि नाइलाजाने ती घालून गेलो, तेव्हा तीन सहकाऱ्यांनी ती कुठे मिळते असे विचारले. त्यांना सांगताना माझ्याच ध्यानात आले की मलाही याबद्दल फारसे ठाऊक नाही, म्हणून पुढच्या सुट्टीत, बेळगाव जिल्ह्यात जिथे या चपला बनतात त्या अथणीला मुद्दाम जाऊन आलो.

नावात कोल्हापूर असले तरी ही चप्पल आपल्या बाजूलाही पिढ्यान्‌पिढ्या बनते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्या चारांत बेळगाव आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडे कमावतात, तळ शिवायला चामड्याचीच वादी वापरतात आणि वेणी घालण्याचे नाजूक काम पुष्कळदा घरातील स्त्रिया करतात. जून २०२५ मध्ये मिलान येथे पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने जवळजवळ अशाच चपला मांडल्या, तेव्हा त्यात आपल्याकडच्या कारागिरांचा उल्लेख नव्हता. भारतातून आक्षेप घेतले गेल्यावर त्या पारंपरिक भारतीय चपलेवरून प्रेरित असल्याचे कंपनीने मान्य केले. ती बातमी वाचताना मला राग आला आणि लाजही वाटली, कारण परक्यांना जिचे मोल कळले ती वस्तू मी वर्षभर पलंगाखाली ठेवली होती.

घ्यायची असेल तर पावसाळा संपल्यावर घ्यावी. भिजलेली चप्पल फुगते आणि तिचा आकार बिघडतो. नवीन असताना पट्ट्यांना आतून-बाहेरून तेल लावून रात्रभर ठेवावी आणि पहिले आठ दिवस तास-दोन तासच घालावी, नाहीतर अंगठ्याजवळ चावते. घोट्याला इलॅस्टिक असलेल्या कार्गोबरोबर ती शोभत नाही. सरळ पायांची जीन्स किंवा सुती पँट घोट्याच्या किंचित वर ठेवून घातली, तर तिचे कान (बाजूच्या चामडी पाती) आणि वेणी नीट दिसते.

तिसरे गेट, टिळकवाडी

मी एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. वरील दोन्ही प्रतिसाद उपयोगाचे आहेत, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. एकसारखे दिसणे ही काही लाज वाटण्याजोगी गोष्ट नव्हे.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मंडळाची चाळीस-पन्नास मुले एकाच रंगाचा कुर्ता आणि फेटा घालून चालतात, तेव्हा त्यांतल्या कुणालाही आपण हरवल्यासारखे वाटत नाही. १९२४ च्या डिसेंबरात आपल्या याच टिळकवाडीच्या परिसरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या वेळी दरमहा हाताने कातलेले २,००० वार सूत देणे ही सभासदत्वाची अट मान्य करण्यात आली होती. त्या मंडपात सगळीकडे एकच पांढरी खादी दिसत असेल, पण ती का घातली आहे हे घालणाऱ्याला पक्के ठाऊक होते. तुमच्या फोटोतील पाच टी-शर्टांबाबत मला खटकते ते त्यांचे सारखेपण नव्हे. पाठीवर काय लिहिले आहे हे घालणाऱ्यालाच सांगता आले नाही, ते मात्र खटकते.

हा प्रश्न गावात का पडला नाही आणि बेळगावात का पडला, याचाही विचार करावा. गावात तुम्ही कोणाचे चिरंजीव हे कपडे पाहण्याआधीच सर्वांना माहीत असते. गणपत गल्लीत सायंकाळी शेजारून जाणाऱ्या हजारो माणसांना ते माहीत नसते आणि मग जे नावाने व घराने सांगितले जात होते, ते कपड्यांनी सांगण्याचा ताण येतो. त्यातच भ्रमणध्वनीवर अथणीच्या मुलाला आणि बंगळूरच्या मुलाला एकाच आठवड्यात एकच पँट दिसते. हा ताण खरा आहे आणि मुले त्याविषयी मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून तुम्ही इतके प्रांजळपणे लिहिले याचे मला कौतुक वाटते.

मात्र एका गोष्टीचा उल्लेख अद्याप कोणी केलेला नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा बारीक फुलांची नक्षी असलेला शर्ट घालून आला होता. शर्ट सुरेख होता आणि त्याला शोभतही होता. मधल्या सुट्टीपर्यंत वर्गातल्या मुलांनी त्याला चिडवून इतके हैराण केले की तो घरी निघून गेला आणि पुन्हा तो शर्ट त्याच्या अंगावर मला कधीच दिसला नाही. मी त्या वेळी वर्गात बोलायला हवे होते, ते राहून गेले आणि त्याची खंत आजही आहे. मुलांच्या कपड्यांवर आई-वडिलांपेक्षा कडक पहारा त्यांचे मित्रच ठेवतात. तेव्हा शर्ट जरूर शिवून घ्यावा, पण खोलीतल्या तिघांशी एकदा या विषयावर बोलावे. त्यांनाही तो फोटो पाहून असेच काही वाटले असण्याची शक्यता बरीच आहे.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण काही केल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

हुदलीच्या खादीचे फिकट तपकिरी कापड सव्वादोन मीटर घेतले, एक रात्र भिजवले आणि खोलीतल्या दोरीवर वाळवले. वाळत असताना मित्रांनी हे काय म्हणून विचारले, त्यामुळे बाईंनी सांगितलेले बोलणे आपोआपच झाले. एकाला हे सगळे अनावश्यक वाटते आणि तो ढगळ टी-शर्टमध्ये खरोखर खूश आहे, हे मला पटले. दुसऱ्याने मात्र कबूल केले की कार्गोचे सहाही खिसे रिकामे असतात आणि त्याला ती पँट मुळात आवडतच नव्हती.

शिंप्याने काकांनी लिहिलेलेच प्रश्न विचारले आणि मीही गडबडलो. कॉलर साधी ठेवली. खिशाचे मात्र मला लगेच सुचले. वडिलांच्या प्रत्येक शर्टाला डाव्या बाजूला एकच मोठा खिसा असतो आणि त्याच्या आत पेनासाठी एक अरुंद शिवण मारलेली असते. मलाही कामावर व्हर्निअरची मापे टिपण्यासाठी लहान वही आणि पेन ठेवायची सवय आहे, ती सुट्टीच्या दिवशीही जात नाही. तसाच खिसा करून घेतला. शिलाई आणि कापड मिळून खर्च माझ्या महिन्याच्या मर्यादेत बसला.

गेल्या रविवारी तो शर्ट घालून गावी गेलो. वडिलांनी बाहीचे टोक अंगठा आणि बोटात धरून कापड चोळून पाहिले आणि मग खिशाच्या आतली शिवण बोटाने चाचपली. किती मीटर लागले, एवढेच त्यांनी विचारले. पुढच्या खेपेला त्यांच्यासाठीही याच कापडाचे सव्वादोन मीटर आणायचे आहे, पण त्यांच्या अंगाला तेवढे पुरेल का, हे शहापूरच्या काकांनी सांगावे. त्यांची छाती ४२ इंच आहे आणि पूर्ण बाह्या हव्या आहेत. चप्पल दिवाळीनंतर अथणीला जाऊनच घेईन.

शहापूर पेठ

४२ छातीला ३६ पन्ह्यात अडीच मीटर घे. आणि माप वहीत लिहून आणू नकोस, त्यांनाच घेऊन ये.