वाचनालयातली लेखकभेट, आणि मराठी नभोनाट्य पुन्हा ऐकायला मिळेल का?

नायगावचा वाचक

सर्वांना नमस्कार. गेल्या शनिवारी संध्याकाळी दादर पूर्वेच्या एका वाचनालयात एका ज्येष्ठ लेखिकेच्या भेटीचा कार्यक्रम झाला, आणि तेव्हापासून माझ्या मनात एकच विषय घोळतो आहे. बाईंच्या कथा मी कॉलेजात असल्यापासून वाचत आलो आहे. परंतु त्यांनी उमेदीच्या काळात आकाशवाणीसाठी बऱ्याच श्रुतिकाही (म्हणजे रेडिओवर ऐकायची छोटी नाटके, नभोनाट्ये) लिहिल्या होत्या, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. सभागृहातल्या खुर्च्या भरून मागे माणसे उभी होती. प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा लोकांनी कथांपेक्षा श्रुतिकांविषयीच अधिक विचारले.

मुलाखत संपल्यावर बाईंनी आयोजकांना दिवे आणि पंखे बंद करायला सांगितले, आणि दोन तरुण कलाकारांना सोबत घेऊन आपल्या एका जुन्या श्रुतिकेचा पहिला प्रवेश वाचला. त्यांच्या हातात सुटे कागद होते, टाचण्या काढून टाकलेले. वाचून झालेले पान त्या मागे न सरकवता मांडीवर अलगद सोडत होत्या, कारण पान उलटल्याची सळसळ मायक्रोफोन हमखास टिपतो, असे त्यांनी आधीच सांगितले होते. प्रवेशाची सुरुवात संवादाने नव्हतीच. अंधारात आधी अडकित्त्याचा आवाज आला. थोडी शांतता, पुन्हा अडकित्ता. मग दाराची कडी वाजली, आणि सुनेचा दबलेला स्वर आला, "मामंजी, अजून जागेच?" रात्र, ओसरी, झोप न येणारा म्हातारा आणि त्या दोघांमधले काहीतरी न बोललेले, एवढे सगळे एका ओळीत उभे राहिले, आणि ‘रात्र झाली आहे’ असे एकाही पात्राने म्हटले नव्हते. पंखे बंद असल्यामुळे दूरवरून लोकलचा आवाज येत होता, तोसुद्धा त्या घराच्या मागूनच गाडी जात असल्यासारखा वाटला. माझ्या शेजारी माझी पंधरा वर्षांची पुतणी बसली होती. दिवे लागल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की पुढचा भाग कुठे ऐकायला मिळेल. मला उत्तर देता आले नाही.

म्हणून विचारतो. मराठी नभोनाट्ये आज कुठे ऐकायला मिळतात? आणि हा प्रकार पुन्हा नेमाने सुरू होईल अशी आशा धरण्याला काही आधार आहे का? ते काम आकाशवाणीनेच करायला हवे, की वाचनालये, नाट्यसंस्था आणि आपल्यासारखे श्रोतेही ते उचलू शकतील?

जुना नाट्यकलावंत

आपण वर्णन केलेला अडकित्ता वाचून मला माझे दिवस आठवले. मी आकाशवाणीची ध्वनिचाचणी उत्तीर्ण होऊन अनेक वर्षे हंगामी नाट्यकलावंत म्हणून काम केले. आमच्यात ‘बी’, ‘बी-हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’ अशा श्रेणी होत्या, आणि एक श्रेणी वर चढायला कधी कधी दहा वर्षे लागत.

आरंभी एक जुनी गोष्ट सांगतो. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याच्या साडेतीन वर्षे आधी, १५ जानेवारी १९२४ रोजी, रिचर्ड ह्यूज यांनी खास रेडिओसाठी लिहिलेले नाटक बीबीसीने लंडनहून प्रसारित केले होते. त्याचे स्थळ होते वेल्समधली कोळशाची खाण, जिथले दिवे गेले आहेत. पात्रांना काही दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही, म्हणजे दोघेही एकाच अंधारात. माध्यमाची उणीव झाकत बसण्यापेक्षा तिच्यातूनच कथा काढायची, हे शहाणपण या कलेला पहिल्या पावलालाच सुचले होते. आपल्या लेखिकाबाईंनी दिवे बंद करायला लावले, त्यामागेही हीच जाण असावी असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. नव्या लेखकाला आम्ही पहिली गोष्ट सांगत असू ती ही, की जे पात्र दोन मिनिटे बोलत नाही ते श्रोत्याच्या लेखी खोलीतून निघून गेलेले असते. रंगमंचावर ते कोपऱ्यात नुसते बसून राहू शकते. इथे त्याला निदान खोकावे लागते, बांगड्या वाजवाव्या लागतात, नाही तर दुसऱ्याने त्याचे नाव घ्यावे लागते. एका प्रवेशात तीन-चारांहून अधिक आवाज नकोत, आणि एकाच पट्टीतले दोन तरुण तर नकोतच. रंगमंचावरचे "हे घ्या" इथे "ही किल्ली घ्या" होते. पण याच वाटेने पुढे गेले की "अरे, तू तर हातात काठी घेऊन आलास!" अशी वाक्ये येतात आणि नाटक मरते. किल्लीची सोय टेबलावर पडलेल्या तिच्या आवाजाने होत असेल तर तिथे शब्द खर्चू नये.

बाहेर जाणारे पात्र आम्ही वाक्य बोलता बोलता मायक्रोफोनपासून दोन पावले मागे घेत असू. नारळाच्या करवंट्यांचे घोडे, पातळ पत्रा हलवून केलेला गडगडाट, चुरगळलेल्या सेलोफेनचा जाळ हे सगळ्यांना ठाऊक असते. पण शांतता मोजण्याचे काम फार थोड्यांनी पाहिले असेल. ध्वनिमुद्रणाची फीत सेकंदाला साडेसात इंच या वेगाने फिरे, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा थांबा हा पावणेचार इंच फितीचा तुकडा होता. ध्वनिमुद्रणानंतर संकलन करणारे गृहस्थ ब्लेडने तिरका छेद देऊन तेवढा तुकडा काढत किंवा घालत. सासू-सुनेच्या एका भांडणात त्यांनी केवळ दोन ठिकाणी अशी रिकामी फीत जोडली आणि सगळ्या प्रवेशाचा अर्थ बदलला, हे मी शेजारी उभा राहून पाहिले आहे.

लोक आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकामालेची आठवण काढतात ती त्यातल्या टेकाडे भावजी या पात्राच्या विनोदामुळे, आणि ते योग्यच आहे. पण बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी या तिघांचे आवाज एकमेकांपासून इतके वेगळे होते की नाव न घेता कोण बोलते आहे ते कळे. तो कार्यक्रम घराघरांत रुजण्यामागे ही निवडही तेवढीच कारणीभूत होती.

लालबागची अनुवादक

काकांनी लिहिलेले मी दोनदा वाचले. आशेविषयी मात्र थोडे सावधपणे लिहावेसे वाटते.

मराठी ऑडिओबुके आता बरीच निघतात. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आल्यापासून कानाने वाचणारा मराठी श्रोता तयार झाला, ही मोठी गोष्ट आहे. पण एका आवाजातले अभिवाचन म्हणजे नभोनाट्य नव्हे. नभोनाट्याला चार-पाच कलावंत, तालमी, ध्वनिसंयोजक आणि मुळात कानासाठी लिहिणारा लेखक लागतो. शेवटची अडचण मला सर्वांत मोठी वाटते. आपल्याकडे दर वर्षी स्पर्धांसाठी एकांकिकांचा पूर येतो, पण त्यांचा बराचसा परिणाम प्रकाशयोजनेत आणि हालचालींत असतो. तीच संहिता मायक्रोफोनसमोर नेली की अर्धी गळून पडते. मी स्वतः एका संस्थेसाठी अशी एक एकांकिका ध्वनिरूपात आणण्याचा प्रयत्न केला होता. संहितेत एक शब्दही बदलायचा नाही अशी त्यांची अट होती, आणि ऐकणाऱ्यांना शेवटी कोण मेले हेच कळले नाही.

हक्कांचाही विचार आधी करावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे हक्क चालतो. त्यामुळे नाटककार देवल (निधन १९१६) आणि गडकरी (निधन १९१९) यांचे लेखन केव्हाच खुले झाले आहे. स्वतः नभोवाणीत नोकरी केलेले आणि संगीतिकाही (गाण्यांतून उलगडणारी नाटके) लिहिलेले कवी बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून कोणालाही वापरता येते. जुन्या ध्वनिमुद्रणांचा हक्क मात्र वेगळा असतो. कोणाच्या घरी कॅसेट सापडली तर ती जपावी, तिची प्रत करून ठेवावी, पण परवानगीशिवाय यूट्यूबवर टाकू नये.

घाटकोपरचा श्रोता

ऐकायला कुठे मिळेल, एवढ्यापुरते लिहितो. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मीडियम वेव्हवर आहे, पण काँक्रीटच्या इमारतींत आणि एलईडी दिवे, चार्जर यांच्या खरखरीत ती घरात नीट लागत नाही. रेडिओ खिडकीत ठेवून थोडा फिरवून पाहावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे प्रसार भारतीचे ‘न्यूज ऑन एआयआर’ हे ॲप. त्यावर अस्मिता स्वच्छ ऐकू येते आणि राज्यातली इतर केंद्रेही लागतात. पुतणीला हेडफोन लावून ऐकायला सांगा, श्रुतिकेतले बारीक आवाज स्पीकरवर हरवतात.

आणखी एक सुचवतो. मुंबई विद्यापीठाचा १०७.८ मेगाहर्ट्झवर स्वतःचा कम्युनिटी रेडिओ आहे. अशा केंद्रांची पोच थोड्या किलोमीटरांची असते, परंतु नव्या मुलांना चुका करत शिकायला तेवढे अंतर पुरेसे आहे.

नायगावचा वाचक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लालबागच्या ताईंचा सावधपणा मला पटला. म्हणून आकाशवाणीला पत्र लिहायचे ठरवले असले, तरी त्याच्या उत्तराची वाट पाहत थांबणार नाही. काल वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंशी बोललो. महिन्यातून एका शनिवारी वाचनाची वेळ संपल्यावर सभागृह द्यायला त्या तयार आहेत. अट एवढीच, की अर्धा तास आधी खुर्च्या आम्ही लावायच्या. पहिल्या वेळी बाईंचीच श्रुतिका पूर्ण वाचावी असे ठरते आहे, आणि त्यांनी फोनवर संमतीही दिली. दुसऱ्या बैठकीला कोणाची तरी नवी, कानासाठीच लिहिलेली संहिता हवी. वीस मिनिटांची असली तरी चालेल.

नाट्यकलावंत काका, आपण तालमीला आलात तर मुलांना मायक्रोफोनपासूनची ती दोन पावले प्रत्यक्ष पाहता येतील. दादर स्थानकावरून आपल्याला न्यायला मी स्वतः येईन. पुतणीने आवाजांची जबाबदारी मागून घेतली आहे. आजीचा पितळी अडकित्ता माळ्यावरून काढून ती दोन दिवस सुपारी कातरून पाहते आहे. तिचे म्हणणे असे, की भिजवलेल्या सुपारीचा आवाज अंधारात पोचत नाही, सुकीच घ्यावी लागेल.